इकॉनॉमीचं तिकीट, बिझनेसची सीट: विमानात आपला नंबर लागावा म्हणून काय करायचं

बोर्डिंग पास मशीनवर ठेवला आणि लाल दिवा लागला. मुंबईचं टी-२, पहाटेचे पावणेतीन, मागे लांबच लांब रांग. पोटात गोळाच आला. वाटलं, व्हिसात काहीतरी चूक निघाली. गेटवरच्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, माझा पास घेऊन फाडला आणि प्रिंटरमधून निघालेली नवी पट्टी माझ्या हातात ठेवली. आधीच्या पासवर ४१ ई होतं, या पट्टीवर ७ ए. "मॅडम, तुम्हाला पुढे दिलंय," एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

गेली बारा वर्षं मी नोकरीनिमित्त मुंबईहून आखातात आणि युरोपात ये-जा करते. या बारा वर्षांत असं फुकट अपग्रेड मला पाच वेळा मिळालं. आकडा मुद्दाम आधीच सांगते, कारण "ही एक युक्ती करा, बिझनेस क्लास मिळवा" असं सांगणारे व्हिडिओ बघून लोक विमानतळावर येतात, काउंटरवर हुज्जत घालतात आणि हिरमुसले होऊन विमानात बसतात. माझे आईवडील पहिल्यांदा परदेशी निघाले तेव्हा त्यांनाही कुणीतरी असंच काहीबाही सांगितलं होतं. त्यांच्यासाठी मी जे कागदावर लिहून दिलं होतं, त्यातूनच हा लेख तयार झाला.

हाताशी काय काय ठेवायचं

- पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या पानाचा फोटो
- विमान कंपनीचा मेंबरशिप नंबर
- सहा अक्षरांचा पीएनआर
- १३ आकडी ई-तिकीट नंबर (एअर इंडियाचा ०९८ने सुरू होतो, एमिरेट्सचा १७६ने)
- पीएनआरमध्ये नोंदवलेला स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल
- फोनमध्ये त्या कंपनीचं ॲप
- जुन्या प्रवासांच्या बोर्डिंग पासचे फोटो, मैल (म्हणजे प्रवासाबद्दल मेंबरला मिळणारे पॉइंट) जमा होईपर्यंत तरी

१. आधी समजून घ्या, ही सीट मिळते कशामुळे

विमान कंपन्या इकॉनॉमीची तिकिटं सीटपेक्षा जास्त विकतात. रोज काही प्रवासी येतच नाहीत, काहींचं मागचं विमान चुकतं, काहींच्या तारखा बदलतात. त्या अंदाजावर हा हिशेब चालतो. कधीकधी अंदाज चुकतो आणि सगळेच येऊन उभे राहतात. मागे नऊ माणसं जास्त आणि पुढे बिझनेसमध्ये बारा सीट रिकाम्या, अशी वेळ आली की कंपनीसमोर दोन वाटा असतात: नऊ जणांना उतरवून भरपाई द्यायची, नाहीतर नऊ जणांना पुढे सरकवायचं. दुसरी वाट स्वस्त पडते. फुकट अपग्रेडचं मूळ इथे आहे. कंपनीला मागची सीट मोकळी करायची असते, म्हणून ती कुणालातरी पुढे पाठवते. कुणाचा वाढदिवस आहे, कुणी छान कपडे घातलेत, यावर ते ठरत नाही.

म्हणजे आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात. पुढे पाठवायच्या यादीत आपलं नाव वर असावं, आणि आपल्याला हलवणं सोपं असावं. खालची प्रत्येक पायरी या दोन गोष्टींसाठी आहे.

रेल्वेशी तुलना करायचा मोह होतो. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना ऑटो अपग्रेडेशनची चौकट असते. २००६पासून ती योजना चालू आहे. पूर्ण भाडं भरलेल्या प्रवाशांमधून चार्ट बनताना कॉम्प्युटर नावं उचलतो आणि थ्री एसीचा माणूस टू एसीत जाऊन बसतो. तिथे नशिबाचा भाग मोठा आहे. विमानात मात्र क्रम लावलेला असतो. साधारणपणे आधी त्या कंपनीचे वरच्या दर्जाचे मेंबर, मग महाग भाड्याचं तिकीट असलेले, मग साधे मेंबर आणि शेवटी बाकीचे.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. लोक पायरी-पायरीने सरकवले जातात. विमानात प्रीमियम इकॉनॉमी असेल तर तिथल्या काहींना बिझनेसमध्ये नेतात आणि इकॉनॉमीतल्यांना प्रीमियममध्ये. त्यामुळे इकॉनॉमीतून थेट बिझनेसमध्ये उडी मारण्यापेक्षा एक पायरी वर जाण्याची शक्यता जास्त. लांबच्या प्रवासात ती एक पायरीसुद्धा गुडघ्यांना पुष्कळ सुख देते.

२. विमान बघून तिकीट काढा

ज्या विमानात पुढचा वर्गच नाही, तिथे अपग्रेड कुठून मिळणार? आकासाच्या विमानांत सगळ्या सीट इकॉनॉमीच्या. इंडिगोचंही बरीच वर्षं तसंच होतं. नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांनी दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाच्या मोठ्या सीट आणल्या, त्याही विमानात फक्त १२. एअर इंडियाच्या नव्याने सजवलेल्या ए-३२० निओमध्ये ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी. त्यांच्याच ए-३५०मध्ये २८ बिझनेस, २४ प्रीमियम आणि २६४ इकॉनॉमी. हे आकडे बघितले की लक्षात येतं, प्रीमियमच्या २४ सीट असलेल्या विमानात सरकायला जागा आहे. आठ सीटच्या बिझनेसमध्ये ती नाहीच म्हटलं तरी चालेल.

तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा. त्याच दिवशी त्याच शहराला दोन विमानं असतील आणि भाडं सारखंच असेल, तर पुढचा भाग मोठा असलेलं निवडा. ॲपमधला सीटचा नकाशा उघडून पुढे किती मोकळं दिसतंय तेही बघा. मात्र त्यावर पूर्ण विसंबू नका. तिकीट घेतलेल्या सगळ्यांनीच सीट निवडलेली नसते, त्यामुळे नकाशावर रिकामी दिसणारी सीट विकलेलीही असू शकते.

३. मेंबर व्हा, आणि नाव पासपोर्टप्रमाणेच घाला

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश सांगते.

प्रत्येक मोठ्या कंपनीची मेंबरशिप असते आणि ती फुकट असते. एअर इंडियाचा महाराजा क्लब, ज्याला आधी फ्लाइंग रिटर्न्स म्हणायचे, एमिरेट्सचं स्कायवर्ड्स, इंडिगोचं ब्लूचिप. पाच मिनिटांत नंबर मिळतो. नुसत्या नंबराने कुणी पुढे नेऊन बसवत नाही, पण यादीत "मेंबर नसलेला" या शेवटच्या गटातून तुम्ही एक घर वर सरकता. त्याच कंपनीने वारंवार गेलात तर सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे मिळतात, आणि खरा फरक तिथून पडायला लागतो.

आता आपल्या मराठी नावांची गोष्ट. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, दोन्ही. तिकिटावर हे दोन्ही एकमेकांना चिकटून छापले जातात. बरेच जण मेंबरशिप काढताना मात्र सवयीने फक्त नाव आणि आडनाव घालतात. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी माणसं वाटतात. माझ्या वडिलांचे सहा प्रवासांचे मैल असेच कुठेच जमा झाले नाहीत. नंबर तिकिटावर घातलेला होता, पण नाव जुळत नव्हतं. कळलं तोपर्यंत जुने मैल मागायची मुदत संपली होती. दोन महिने ईमेल करून हाती काही लागलं नाही.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी तर नक्की तपासा: मेंबरशिप माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या, असं तर झालेलं नाही ना? पासपोर्टचं पहिलं पान समोर ठेवा आणि अक्षर अन् अक्षर तसंच भरा.

सगळे मैल एकाच ठिकाणी साठवा. दर वेळी सगळ्यात स्वस्त तिकीट म्हणून चार कंपन्यांत चार नंबर काढले की चारही ठिकाणी आपण नवखेच राहतो. कंपन्यांचे गट असतात, त्याचा फायदा घ्या. एअर इंडिया २०१४पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सने जातानाही महाराजा क्लबचा नंबर घालता येतो. कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज वनवर्ल्ड गटात आहेत. एमिरेट्स कुठल्याच गटात नाही. मात्र फुकट अपग्रेडच्या वेळी कंपनी बहुतेकदा स्वतःच्या मेंबरांना आधी बघते, मग गटातल्या पाहुण्यांना.

४. तिकिटावरचं अक्षर आणि एजंटचा ईमेल

इकॉनॉमी म्हणजे एकच इकॉनॉमी नव्हे. ई-तिकिटावर 'क्लास'समोर एक इंग्रजी अक्षर असतं. वाय म्हणजे बहुतेक ठिकाणी पूर्ण भाड्याची इकॉनॉमी. बाकीच्या अक्षरांमागे सवलतीची भाडी असतात आणि त्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. शेजारी बसलेल्या माणसाची सीट तुमच्यासारखीच असते, पण त्याने पूर्ण भाडं भरलेलं असेल तर यादीत तो वर. नुसत्या आशेवर महाग तिकीट घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही. सगळ्यात स्वस्त आणि त्याच्या वरच्या भाड्यात हजार-दोन हजारांचाच फरक असेल आणि वरच्यात तारीख बदलायची सोय, जास्त सामान मिळत असेल, तर वरचं घ्या. तो पैसा एरवीही वसूल होतो.

स्वतः सावध राहण्याच्या तीन जागा:

पहिली, ग्रुपची तिकिटं. सुट्टीच्या आधी एजंट "सिरीज फेअर" म्हणून स्वस्त तिकिटं देतात. ती कंपनीकडून घाऊक घेतलेली असतात. नाव बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत, आणि अपग्रेडच्या यादीत ही तिकिटं तळाला. टूर कंपनीबरोबर जाताना तर अपग्रेडचा विचार सोडून द्या आणि सहलीचा आनंद घ्या.

दुसरी, कोडशेअर. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, असं असतं तेव्हा निर्णय विमान चालवणाऱ्या कंपनीचा. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' काय लिहिलंय ते वाचा.

तिसरी माझ्यावर गुदरलेली. एका वर्षी तिकीट ओळखीच्या एजंटकडून काढलं. त्याने पीएनआरमध्ये स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकला. विमानाच्या तीन दिवस आधी कंपनीने अगदी कमी पैशांत प्रीमियम इकॉनॉमी देऊ केली होती, तो ईमेल त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिला. मला परत आल्यावर कळलं. वाईट यापेक्षा पुष्कळ होऊ शकतं: वेळ बदलल्याचा मेसेजही तिकडेच जातो. म्हणून एजंटकडून तिकीट घेतलं की त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा, स्वतःचा नंबर आणि ईमेल घाला, मेंबरशिप नंबर घाला.

पीएनआरबद्दल अजून एक. चौघांचं कुटुंब एकाच पीएनआरवर असेल तर चौघांना एकत्र हलवावं लागतं, आणि चार सीट एकदम क्वचितच मोकळ्या असतात. एकट्याचं किंवा दोघांचं बुकिंग सोपं. पण लहान मुलं असतील तर केवळ यासाठी पीएनआर तोडू नका. विमान रद्द झालं तर अर्धं कुटुंब एका विमानात आणि अर्धं दुसऱ्यात, ही वेळ येऊ शकते.

५. दिवस कोणता

मागचा भाग खच्चून भरलेला आणि पुढचा अर्धा रिकामा, असा दिवस आपल्याला हवा. सोमवारी सकाळचं मुंबई-दिल्ली किंवा शुक्रवारी संध्याकाळचं परतीचं विमान याच्या अगदी उलट: पुढे सगळे कंपनीच्या पैशाने बसलेले. दिवाळीची सुट्टी, मे महिना, नाताळ आणि आखाती मार्गांवर ईदचे दिवस, या काळात इकॉनॉमी घरच्या मंडळींनी भरते आणि ऑफिसचा प्रवास थंडावतो. माझ्या पाचपैकी तीन वेळा दिवाळीच्या आसपासच्या होत्या. अर्धं रिकामं विमान बघून खूश होऊ नका. तिथे कुणालाच पुढे न्यायची गरज नसते.

६. चेक-इन: सीट न घेता थांबायचं की नाही?

यावर लोकांची दोन मतं आहेत. काही जण सांगतात, "वेब चेक-इन करू नका, सीट निवडू नका, शेवटी गेलात की मागे जागाच उरत नाही आणि पुढे द्यावी लागते." हे मला अजिबात पटत नाही. इकॉनॉमीत सीटपेक्षा माणसं जास्त असतात तेव्हा सगळ्यात शेवटी आलेला, सीट नसलेला, मेंबर नसलेला माणूस पुढे जाण्याऐवजी खाली राहण्याची शक्यता जास्त. भाच्याच्या मुंजीला निघालेल्या माझ्या एका सहकाऱ्याने हा प्रयोग केला. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने पोहोचला तेव्हा मुंज लागून गेली होती.

बहुतेक कंपन्यांचं वेब चेक-इन २४ ते ४८ तास आधी उघडतं. उघडल्या-उघडल्या करून टाका. सीट निवडताना अपग्रेड मिळणारच नाही असं धरून निवडा. दोघं असाल तर तीनच्या रांगेत एक खिडकी आणि एक कडेची सीट घ्या. मधली सीट सगळ्यात शेवटी भरते. विमान भरलं नाही तर तीन सीट दोघांना. भरलं, तर मधल्याला अदलाबदल करायला सांगा, तो आनंदाने खिडकी घेतो.

जेवणाची गोष्ट. जैन किंवा खास शाकाहारी जेवण सांगितलेलं असेल, तर ते तुमच्या मागच्या सीटच्या नावाने चढवलेलं असतं आणि शेवटच्या क्षणी सीट बदलताना एक अडचण वाढते. त्यामुळे काही जण ते सांगतच नाहीत. मी म्हणेन, ज्यांना खरोखर लागतं त्यांनी ते सोडू नये. आई उपाशी नऊ तास बसली असती अशा सीटचा मला काय उपयोग?

७. काउंटरवर काय बोलायचं

लवकर जा. काउंटर रिकामा असतो तेव्हा समोरचा माणूस ऐकून घेतो. आंतरराष्ट्रीय विमानांना तीन तास आधी पोहोचलेलं बरं. टी-२वरची बरीचशी लांबची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, तेव्हा इमिग्रेशनलाही गर्दी असते.

कपडे नीटनेटके असावेत, बस. कोट-टायने यादीतला नंबर बदलत नाही. पण गेटवर दोघांपैकी एकाला उचलायची वेळ आली तर चुरगळलेली ट्रॅकपँट आड येऊ शकते.

मी जे बोलते ते जसंच्या तसं देते: "मॅडम, आज इकॉनॉमी फुल्ल आहे का? कुणाला पुढे हलवायची वेळ आली तर माझं नाव लक्षात ठेवाल का? मी एकटीच आहे आणि माझ्याकडे फक्त केबिन बॅग आहे." एवढंच. यात तीन कामाच्या गोष्टी येतात: मला परिस्थिती कळते, मी एकटी आहे, मला हलवणं सोपं आहे. छातीवरच्या पट्टीवर मराठी आडनाव दिसलं तर मराठीतच बोलते. रात्रपाळीला उभ्या असलेल्या माणसाला आपल्या भाषेतली दोन वाक्यं बरी वाटतात. "नाही" म्हणाले तर धन्यवाद म्हणून निघायचं. आजारपणाची खोटी कारणं कधीच सांगू नका. कंपनी उलट डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागेल आणि प्रवासच अडेल.

एसएफयू हा शब्द तुमच्या कानावर येईल. 'सूटेबल फॉर अपग्रेड' असा शेरा बुकिंगवर टाकता येतो. कंपनीतला किंवा एजन्सीतला ओळखीचा माणूस तो टाकू शकतो. शेरा म्हणजे फक्त शिफारस. क्रम त्याने मोडत नाही. आणि इथेच धोक्याची सूचना: इंटरनेटवर शोधून मिळालेल्या "कस्टमर केअर" नंबरवर फोन करून अपग्रेड मागू नका. पलीकडचा माणूस "पाच हजार भरा, कन्फर्म करतो" म्हणतो, ओटीपी मागतो आणि खातं रिकामं करतो. कंपनीचा नंबर तिच्या ॲपमधून किंवा ई-तिकिटावरूनच घ्या.

८. गेटवर, आणि जागाच नसेल तेव्हा

काउंटर बंद झाल्यावर कोण आलं नाही याचा हिशेब लागतो, म्हणून खरी हालचाल गेटवर होते. बोर्डिंग सुरू व्हायच्या आधी तिथे हजर राहा, नावाची घोषणा ऐकू येईल अशा जागी बसा. खरेदीत वेळ घालवू नका. नाव पुकारलं आणि माणूस नाही, की ते पुढच्या नावाकडे जातात.

कधी उलटी घोषणा होते: "कुणी आजचं विमान सोडून पुढच्याने जायला तयार आहे का?" भारतात डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाप्रमाणे कंपनीने कुणालाही जबरदस्तीने उतरवण्याआधी असे स्वेच्छेने थांबणारे शोधायला हवेत. तुमचा दिवस मोकळा असेल तर ही सगळ्यात चांगली संधी. शांतपणे जाऊन विचारा: पुढच्या विमानात वरच्या वर्गात सीट द्याल का? हॉटेल आणि जेवण मिळेल का? सीट नक्की झाल्याचं लेखी मिळेल का? बोलणं होईपर्यंत आपला बोर्डिंग पास हातातून सोडू नका.

जबरदस्तीने मागे ठेवलं, तर हक्काचे पैसे आहेत. वेळेवर आलेल्या, कन्फर्म तिकीट असलेल्या प्रवाशाला एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, पण २४ तासांच्या आत दिलं, तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. २४ तासांच्या पुढे गेलं तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. युरोपीय संघाच्या देशांतून निघणाऱ्या विमानांना संघाचा २६१/२००४ हा नियम लागू होतो: अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. त्याच नियमात असंही आहे की कंपनीने स्वतःहून वरच्या वर्गात बसवलं तर जास्तीचे पैसे मागता येत नाहीत.

वरच्या वर्गाचे पैसे भरूनही खाली बसवलं, असंही घडतं. १५ फेब्रुवारी २०२३पासून डीजीसीएचा नियम आहे: देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के परत, आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. हा नियम फोनमध्ये साठवून ठेवा. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा नियमाचं पान दाखवलेलं लवकर लागू पडतं.

९. थोडे पैसे किंवा मैल टाकायची तयारी असेल तर

फुकटाचा नंबर लागला नाही तर दोन मधल्या वाटा आहेत. बऱ्याच कंपन्या प्रवासाच्या काही दिवस आधी बोली लावायला बोलावतात. बोली दर माणशी आणि दर टप्प्याला असते, आणि पीएनआरवरच्या सगळ्यांना लागू होते. तिघांचं बुकिंग असेल तर वीस हजारांची बोली म्हणजे साठ हजार. मंजूर झाली की पैसे कापले जातात आणि परत मिळत नाहीत. रात्रीच्या आठ-नऊ तासांच्या प्रवासासाठी मी बोली लावते. तीन तासांच्या मुंबई-दुबईसाठी कधीच लावत नाही.

दुसरी वाट साठवलेल्या मैलांची. इथे एकच अडचण मोठी आहे: सगळ्यात स्वस्त भाड्याच्या तिकिटांवर मैलांनी अपग्रेड बहुतेकदा मिळतच नाही. एमिरेट्सचं 'स्पेशल' भाडं हे त्याचं उदाहरण. तिकीट काढण्याआधी भाड्याच्या अटीत अपग्रेड हा शब्द शोधा. क्रेडिट कार्डाचे पॉइंट मैलांत बदलता येतात, पण एकदा बदलले की मागे फिरत नाहीत. आधी सीट उपलब्ध आहे का ते बघा, मग बदला.

१०. नवी पट्टी हातात आली की

सीटचा नंबर वाचा आणि सामानाची पावती त्या पासबरोबर ठेवा. बदल फक्त सीटचा झालेला असतो. सामानाची मर्यादा जुन्या तिकिटाची, मैल जुन्या तिकिटाचे, लाउंज बहुतेक वेळा नाही. दोघांपैकी एकालाच पुढे दिलं तर तिथल्या तिथे ठरवा. नाही म्हणण्याचा हक्क आहे. आईवडिलांबरोबर असताना मी माझी सीट वडिलांना देता येईल का असं विचारलं होतं. गेटवरच्या मुलाने दोन्ही पास घेतले, नावं बदलून पुन्हा छापले आणि बाबा ३ के वर जाऊन बसले. दर वेळी जमतं असं नाही, पण विचारायचं विमानात चढण्याआधी, गेटवरच. आत गेल्यावर केबिन क्रूला आपापसात वर्ग बदलू देता येत नाही.

पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तर त्या टप्प्याची सीट इकॉनॉमीचीच आहे हे गृहीत धरा आणि त्याचा बोर्डिंग पास वेगळा जपून ठेवा. दोन्ही पट्ट्यांचे फोटो काढा. मैल खात्यात दिसेपर्यंत ते पुसू नका.